एक शब्दही बोलू नकोस

वकीलसाहेब पडले ते स्वतःच्याच सल्ल्याला अडखळून.

त्यांच्या मित्राचं रंगाचं दुकान होतं. दुकानाच्या दाराशी असलेली पायरी हवी त्यापेक्षा चार बोटं उंच होती. "या पायरीवरून एक दिवस कुणीतरी पडणार, आणि तू कोर्टात उभा राहणार," असं वकीलसाहेबांनी त्याला सहा महिने ऐकवलं. शेवटी मित्राने कंटाळून पायरीपाशी एक पिवळा पत्र्याचा फलक उभा केला : 'सावधान! उंच पायरी'. मजकूर वकीलसाहेबांचा होता, रंग त्यांनी निवडला होता, आणि फलक नेमका कुठे ठेवायचा तेही त्यांनीच पावलांनी मोजून सांगितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी, पाच वाजल्यापासूनची रोजची बैठक संपवून पावणेसातला घरी जायला निघताना ते काहीतरी बोलायला मागे वळले. फलकाच्या तंगडीत त्यांचा पाय अडकला आणि पायरीला स्पर्शही न करता ते थेट फुटपाथवर पोचले. घोटा दोन ठिकाणी मोडला.

पण खरा अपघात झाला तो त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. मित्र धावत बाहेर आला. शाळेपासून त्याला वकीलसाहेब 'डब्या' म्हणत. अंगापिंडाने तो वीस लिटरच्या डब्यासारखाच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अरे देवा! वकिल्या, माझंच चुकलं रे—"

"गप्प!" आडवे पडलेले, एका पायातला बूट गेलेले वकीलसाहेब हात वर करून ओरडले. "एक शब्दही बोलू नकोस! चार माणसं ऐकतायत!"

चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. अपघाताची नुकसानभरपाई. यंत्रात बोटं गेलेले, मचाणावरून पडलेले, गेलेल्यांच्या मागे राहिलेले, असे सगळे त्यांच्याकडे येत. कुठल्याही खोलीत शिरल्यावर इथे कोण कसं पडेल हे त्यांना आधी दिसे, यजमान मागाहून. अपघातानंतर 'चुकलं' म्हणायचं नाही, ती कबुली ठरते, हे त्यांनी अख्ख्या गल्लीला पढवलं होतं. घोटा मोडलेल्या अवस्थेतही ते सवयीने मित्राला वाचवायलाच निघाले होते.

डब्या मुळात आज्ञाधारक. तो गप्प झाला. आणि गप्पच राहिला.

पहिले दोन दिवस वकीलसाहेबांनी समजून घेतलं. दुकान असतं, गिऱ्हाईक असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पलंग खिडकीशी ओढायला लावला. तिथून गल्लीच्या टोकाला दुकानाचा निळा बोर्ड निम्मा दिसायचा.

"आला का गं?"

"कोण?" बायकोने आतून विचारलं.

"कोण म्हणजे? बेल वाजली ना?"

"इस्त्रीवाला होता."

चौथ्या दिवशी शेजारचे आले. पाचव्या दिवशी कोर्टातला शिपाई फळं घेऊन आला. सहाव्या दिवशी, ज्याच्याविरुद्ध त्यांनी दोन केसेस जिंकल्या होत्या तो गिरणीवालासुद्धा येऊन गेला. पाच वाजले की वकीलसाहेब केस विंचरून, उशीला टेकून बसत. सात वाजले की आडवे होत.

"अहो, एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा फोन करा ना," बायको म्हणाली.

"मी का करू? पडलो मी. विचारपूस त्याने करायची."

आठव्या दिवशी पाच वाजून दोन मिनिटांनी त्यांनी फोन केला.

"डब्या, मी बोलतोय."

पलीकडे काउंटरचा खण ओढला गेला. मग कागदावरून वाचल्यासारखा आवाज आला, "आपणास जे काही म्हणायचे असेल ते माझ्या वकिलांमार्फत कळवावे."

"तुझे वकील? अरे, तुझा वकील मी आहे!"

उत्तर आलं नाही, पण फोनही ठेवला गेला नाही. दुकानातलं रंग घुसळायचं यंत्र धडधडत होतं. कुणीतरी ब्रश मागितला. डब्याचा श्वास ऐकू येत होता. नाकातून थोडी शिट्टी वाजायची, ती ओळखीची होती. वकीलसाहेब चार मिनिटं तेवढंच ऐकत बसले. मग यंत्र थांबलं आणि फोन बंद झाला.

"तुझ्या नाकातून शिट्टी वाजते म्हणून मी त्याला किती चिडवलंय," ते बायकोला म्हणाले. वाक्य चुकलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि बायकोनेही दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची ज्युनियर आली. हुशार मुलगी, कामाला वाघ.

"सर, तुम्ही अगदी निश्चिंत राहा. मी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी नोटीस पाठवली."

"कसली नोटीस?"

"आपली नेहमीचीच. 'आपल्या घोर निष्काळजीपणामुळे व धोकादायक पायरीमुळे माझ्या अशिलास'—"

"अशील कोण?"

"तुम्ही, सर."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. नोटिशीचा तो मसुदा त्यांनीच तयार केलेला होता. त्यात एक वाक्य असं होतं, की वाचणाऱ्याला रात्री झोप लागू नये. त्या वाक्याचा त्यांना अभिमान होता.

"मागे घे. आत्ताच्या आत्ता!"

नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्याच दुपारी गेलं, आणि तिथेच सगळं आणखी बिघडलं. कारण डब्याने घाबरून जो वकील गाठला होता, तो विमा कंपन्यांचा वकील. तीस वर्षं तो वकीलसाहेबांसमोर उभा राहिला होता आणि दर दुसऱ्या वाक्याला 'हरकत!' म्हणत आला होता. कोर्टात सगळे त्याला हरकतसाहेबच म्हणत. त्याचा फोन आला.

"चौतीस वर्षांत तुम्ही एक नोटीस मागे घेतली नाहीत. आता घेताय? मी काही दुधखुळा नाही, साहेब. डाव काय आहे?"

"कसला डाव! अहो, तो माझा मित्र आहे!"

"हे लेखी द्याल?"

त्याचा मसुदा वकीलसाहेबांना सुचेना. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

"तोवर माझ्या अशिलाला मी सक्त ताकीद दिली आहे," हरकतसाहेब म्हणाले. "तुमच्या घरावरून जायचं नाही, खिडकीकडे बघायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही."

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून वकीलसाहेब छताकडे पाहत राहिले. त्यांना एक जुनी अशील आठवली. तिचा नवरा लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला होता. दार उघडलं होतं, लिफ्ट आलीच नव्हती. केस ते जिंकले. निकालाच्या दिवशी ती बाई म्हणाली होती, "साहेब, त्या इमारतीच्या मालकाने नुसतं येऊन दारात उभं राहायला हवं होतं. काही बोलला नसता तरी चाललं असतं. मी कोर्टाची पायरी चढले नसते." तिच्या प्रतिज्ञापत्रातही हे वाक्य होतं. वकीलसाहेबांनी ते 'अप्रस्तुत' म्हणून खोडलं होतं. मालकाला यायचं होतं, त्याच्या वकिलाने अडवलं, हे पुढे त्यांच्या कानावर आलं. त्या वकिलाच्या जागी आपण असतो तर आपणही अडवलं असतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. फक्त तेव्हा त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

तिसरा आठवडा संपता संपता ते उठून बसले आणि त्यांनी ज्युनियरला बोलावलं.

"ज्युनियर, ती नोटीस पुन्हा पाठव."

"सर?"

"आणि सोबत अर्ज. प्रत्यक्ष जागेची पाहणी, दोन्ही पक्षांच्या समक्ष. हरकतसाहेबांना नाही म्हणता येणार नाही. वेळ टाक संध्याकाळी पाचची."

गुरुवारी पाचला कुबड्या टेकत, बायकोच्या खांद्याचा आधार घेत, वकीलसाहेब दुकानात पोचले. मागे ज्युनियर वही घेऊन होती. हरकतसाहेब मोजपट्टी घेऊन हजर होते. डब्या काउंटरमागे उभा होता. निम्म्याने वाळला होता. आता दहा लिटरचा दिसत होता. त्याने प्लास्टरकडे पाहिलं, तोंड उघडलं, हरकतसाहेबांकडे पाहिलं आणि मिटलं.

"अपघातापूर्वी तुम्ही कुठे होतात?" हरकतसाहेबांनी सुरुवात केली.

"या स्टुलावर. आणि हा समोरच्यावर."

"बसून दाखवा. दोघंही."

दोघं बसले. गुडघ्याला गुडघा लागेल एवढंच अंतर होतं.

"काय बोलणं चाललं होतं?"

"मी म्हणत होतो," वकीलसाहेब डब्याकडे पाहत म्हणाले, "की हा माणूस दरवर्षी नवा पांढरा रंग आणतो आणि गिऱ्हाइकाला फसवतो. पांढरा तो पांढरा. त्यात नवं काय?"

डब्याचे कान लाल झाले. त्याने ओठ आवळून पाहिले. मग राहवलं नाही.

"अकरा आहेत! अकरा पांढरे असतात! मूर्खा, तीस वर्षं सांगतोय!"

"हरकत!" हरकतसाहेब ओरडले. "माझ्या अशिलाने बोलायचं नाही."

"त्या दिवशी तो बोलला होता," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "गप्प बसला तर हुबेहूब होणार नाही. ज्युनियर, लिहून घे, पाहणीत अडथळा आणला जातोय."

हरकतसाहेबांनी विचार केला. माणूस नियमाचा. "ठीक आहे. पण त्या दिवशी जे बोललात तेवढंच."

"त्या दिवशी मी म्हणालो होतो," डब्या घाईघाईने म्हणाला, "की पाय फार दुखतो का रे?"

"त्या दिवशी त्यांचा पाय मोडला नव्हता."

"मग पडल्यानंतरचं समजा! मी तोंड उघडलं तर हाच ओरडला, एक शब्दही बोलू नकोस म्हणून!"

"अरे, तेवढ्यापुरतं म्हणालो होतो!"

"मला काय ठाऊक? मुदत सांगायची की नाही? वर ती नोटीस! झोप उडाली माझी." डब्याचा आवाज चिरकला. "रोज पाचला तुझा स्टूल पुसून ठेवायचो. गिऱ्हाईक बसायला लागलं तर म्हणायचो, ओला रंग आहे."

वकीलसाहेबांनी बसल्या बसल्या स्टुलाच्या कडेवरून हात फिरवला. बायको उगाचच रंगाच्या डब्यांवरची लेबलं वाचू लागली.

"चुकलं रे माझं," डब्या म्हणाला. एकदम स्पष्ट, चार साक्षीदारांसमक्ष.

ज्युनियरचं पेन थबकलं. तिने आधी सरांकडे आणि मग हरकतसाहेबांकडे पाहिलं. कबुली! आता हरकत येणार. पण हरकतसाहेब भिंतीवरच्या रंगांच्या तक्त्याकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. कोर्टात हे सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कुणी कधी बोललं मात्र नव्हतं.

"माझंही चुकलं," वकीलसाहेब म्हणाले.

ज्युनियरने पेनाला टोपण लावलं. मग हरकतसाहेबांनी एक रिकामा डबा उलटा केला, त्यावर रुमाल पसरला आणि बसले.

"अकरा कसे असतील?" ते म्हणाले. "नावं तरी सांगा."

डब्या सांगू लागला. दुधाचा, हस्तिदंती, चुन्याचा, मोत्याचा... प्रत्येकावर वकीलसाहेबांनी वाद घातला आणि हरकतसाहेबांनी हरकत घेतली. सातव्या पांढऱ्यापाशी बाहेर उजेड कमी झाला आणि दुकान बंद करायची वेळ झाली.

"सर, पाहणी पूर्ण झाली असं लिहू?" ज्युनियरने विचारलं.

"छे!" हरकतसाहेब म्हणाले. "अजून चार पांढरे राहिलेत. अपूर्ण लिहा."

"पुढची तारीख?"

आयुष्यभर तीन-तीन महिन्यांची मुदत मागत आलेल्या हरकतसाहेबांनी रुमाल झटकून खिशात ठेवला.

"उद्या," ते म्हणाले. "पाच वाजता. आणि मला एक स्टूल लागेल."