नाचणीचे बांध मोडिले आणि फिरोन घातले त्याचें वर्तमान

अन्नपूर्णेचे चरणीं मस्तक ठेवोन, आणि हें लिहितां मान वर होत नाहीं ऐसें आधींच निवेदन करोन, वर्तमान मांडितों ऐसेंजे: शके १६६३ दुर्मति नाम संवत्सरीं, फाल्गुन मासीं, डोंगरी मुलखाच्या एका राज्यांत राजकन्येचें लग्न जाहलें. मंडप थोर घातला, शेजारील दौलतीचे पाहुणे आले, आणि त्यांतील वराकडील दिवाण फिरत फिरत मुदपाकखान्यामागें गेले, तों तेथें पालखीचे भोई नाचणीची भाकर आणि कुळथाचें पिठलें जेवीत बसले होते. दिवाण हांसोन बोलिले, "तुमचे राज्यांत मनुष्यें घोड्याची चंदी खातात काय?" हा शब्द मंडपभर फिरला आणि महाराजांचे कानीं गेला, आणि महाराजांचा चेहरा उतरला. जवळ निंबाजी उभा होता. तो डोंगरी तर्फेचा कमावीसदार, म्हणजे तेथील वसुलाचा आणि बंदोबस्ताचा अंमलदार. महाराजांनीं पाहुण्यांदेखत त्यास पुसिलें, "निंबाजी, डोंगरांतील रयत हेंच खाते काय?" आतां निंबाजी जातीचा त्याच डोंगरांतला, नाचणीच्या आंबिलीवर वाढलेला, आणि त्याचा वडील भाऊ साबाजी अद्याप तेथेंच वडिलांची उतारावरील वावरें कसीत होता. परंतु दरबारीं आल्यापासोन निंबाजीनें हें कोणास कळों दिलें नव्हतें, आपले वाडवडील घोडेस्वार होते ऐसें सांगत असे. तो बोलिला, "नाहीं महाराज. आळशी आहेत ते तेवढें पेरितात. चांगला भात दिला तरी त्यांस नको." पाहुण्यांचें समाधान जाहलें, महाराजांचें जाहलें, आणि निंबाजी विडा घेवोन मागें सरला.

मग लग्न आटोपतांच महाराजांनीं आज्ञा केली कीं, डोंगरावर नाचणी, वरी, कुळीथ कोणी पेरूं नये, घरोघरचीं लहान वावरें आहेत त्यांचे बांध मोडावे आणि सारीं मिळोन एक थोरली शेरी, म्हणजे सरकारचें शेत, करावी, तींत परमुलखींचा पांढरा सुवासिक भात लावावा, रयतेनें तेथें राबावें आणि सरकारांतून शिधा घेवोन जेवावें. आणि हें काम निंबाजीस सांगितलें, कां कीं डोंगरच्या लोकांची पारख त्यासच आहे ऐसें महाराज समजले होते. निंबाजी स्वार आणि दगड फोडणारे बेलदार घेवोन निघाला, आणि एक एक गांव उरकीत शेवटीं आपल्याच गांवीं आला. साबाजी बांधावर उभा होता. हा बांध बापानें घातला होता, त्यावर तुरीचीं झाडें होतीं, खालीं नाचणीसाठीं जमीन भाजोन ठेविली होती. भावास पाहोन साबाजीचें मुख फुललें, तो दोन पावलें पुढें आला. इतक्यांत स्वारांचा नाईक निंबाजीस पुसता जाहला, "हा कोण? आपल्या ओळखीचा दिसतो." निंबाजीनें घोड्यावरोन खालीं पाहिलें आणि बोलिला, "आमची काय ओळख? कोणी कुणबी असेल." आणि साबाजीस बोलिला, "तुझें नांव काय?" साबाजी उभा राहिला. मग त्यानें वांकोन मुजरा केला आणि बोलिला, "साबाजी म्हणतात, सरकार." नाईकास कांहीं कळलें नाहीं. साबाजीची बायको गोजाई दारांतून पाहात होती, तिला सर्व कळलें, आणि ती आंत गेली. मग बेलदारांनीं बांध फोडिला. दगड उताराखालीं गडगडत गेले, आणि निंबाजीनें घोडा फिरवोन पाठ दिली, परंतु कान कोठें फिरवितां येतात?

पुढें पाऊस लागला आणि शेरी हिरवी जाहली, महाराज स्वतां पाहावयास आले आणि संतोष पावले. परंतु उतारास बांध नव्हते, म्हणोन श्रावणांतील झडींत माती वाहों लागली, ओढे तांबडे जाहले, जागोजाग खडक उघडा पडला. जो भात राहिला त्यावर करपा पडला, आणि एकच जात असल्याकारणें या कडेचा रोग त्या कडेस जावयास वेळ लागला नाहीं. पूर्वीं ऐसें नव्हतें. वरी गेली तर नाचणी राही, नाचणी गेली तर कुळीथ राही, एका घरचें गेलें तर शेजारचें राही. आतां सर्वांचें एकदांच गेलें. कोठारांतून शिधा वांटला तो हिंवाळ्यांतच सरला. लेंकरें पाला खावोन सुजलीं, म्हातारीं माणसें आपला घास नातवंडांपुढें सारीत आणि भूक नाहीं म्हणत. महाराजांनीं पांढरा भात मागविण्यास वराकडे पत्र धाडिलें, त्याचें उत्तर आलें नाहीं. मग नाचणीचें बियाणें शोधों लागले, तों तें राज्यांत कोठेंही नाहीं, कां कीं बांध मोडितेवेळींच सरकारी माणसांनीं कणग्या झाडोन नेल्या होत्या. इतक्यांत खबर आली कीं साबाजी आणि गोजाई पावसाआधींच घाट उतरोन परमुलखांत तिच्या माहेरीं गेलीं, आणि तेथें सासऱ्याच्या माळावर नाचणी पिकविली. महाराजांनीं निंबाजीस धाडिलें.

निंबाजी घाट पायीं उतरला. घोडा न्यावा ऐसें त्यास वाटलें नाहीं. साबाजी अंगणांत कणसें झोडीत होता, त्यानें उठोन मुजरा केला. निंबाजी बोलिला, "दादा, असें करों नको."

साबाजी बोलिला, "सरकारांस बसावयास घोंगडी आण," आणि हें त्यानें गोजाईकडे पाहोन सांगितलें.

गोजाईनें घोंगडी घातली आणि वाटींत आंबील आणोन ठेविली. निंबाजीस ती घेववेना. गोजाई बोलिली, "भावजी, घ्या. उपाशी आहांत हें दिसतें. रागाचें मागाहून बघूं." मग तो प्याला, आणि पीत असतां त्याचे डोळे वाहों लागले, तरी कोणी त्यास उगा राहा म्हणालें नाहीं. मग त्यानें बियाणें मागितलें. गोजाई बोलिली, "बियाणें नेतां येईल. आमच्या गांवचींच लेंकरें तीं, नाहीं कोणत्या तोंडानें म्हणों? पण पेराल कोठें? माती तर नदींत गेली. आधीं ज्याचें वावर त्यास द्या आणि बांध घाला. आणि कोणीं काय पेरावें हें वाड्यांतून सांगों नका." साबाजी उठोन कणगीकडे गेला. त्यानें पोतीं भरलीं आणि तोंडें शिवलीं.

निंबाजी परत आला आणि भरदरबारीं उभा राहिला, पगडी काढोन पुढें ठेविली, आणि बोलिला, "महाराज, लग्नांत मीं खोटें सांगितलें. मी त्याच भाकरीवर वाढलों. ज्याचा बांध मीं उभा राहोन मोडविला तो साबाजी माझा भाऊ, आणि मीं त्यास नांव पुसिलें." कांहीं मानकरी हंसावें कीं काय या विचारांत महाराजांकडे पाहों लागले. महाराज गालिच्याकडे पाहोन बोलिले, "खोटें तूं बोलिलास. पण आम्हांस तेंच ऐकावयाचें होतें. आमची आजी हीच भाकर करीत असे." आणि तेथोन उठोन गेले. दुसरे दिवशीं हुकूम निघाला: शेरी मोडावी, ज्याचें वावर त्याचे स्वाधीन करावें, बांध घालावयास सरकारी बेलदार आणि लष्करचे लोक लावावे, आणि ज्यानें त्यानें आपल्या मातीस मानेल तें पेरावें. महाराजांनीं त्या सालीं दसऱ्याची स्वारी काढिली नाहीं, लोकांपुढें जावयास मन होईना.

निंबाजीनें कमावीस सोडिली आणि गांवीं येवोन खडकाळ कोपरा मागोन घेतला, कां कीं चांगली जमीन मागावयास तोंड नव्हतें. साबाजी आणि गोजाई परत आलीं. दोघां भावांचीं वावरें एकास एक लागोन होतीं, परंतु साबाजी त्यास हांक मारी तेव्हां सरकार म्हणोनच मारी, कुचेष्टेनें नव्हे, दुसरें नांव जिभेवर येत नसे म्हणोन. गोजाई दोन्हींकडचें बोलणें पोंचवी. मग एके वर्षीं आषाढांत मोठी झड लागली आणि निंबाजीचा बांध खचला. तो एकटाच पाण्यांत उभा राहोन दगड रचों लागला, दगड ठरेनात. तों शेजारोन साबाजी खांद्यावर पहार घेवोन आला, पाण्यांत उतरला, आणि दोघांनीं मिळोन बांध उभा केला. काम जाहलें तेव्हां साबाजीनें हात धुतले आणि बोलिला, "वरचे अंगास मोठा दगड घालीत जा, निंबा." आणि घरीं गेला. निंबाजी पाऊस थांबेपर्यंत तेथेंच बसोन होता.

येणेंप्रमाणें वर्तमान. राज्य राहिलें तें घरोघरच्या लहान वावरांनीं राखिलें. दरबारांत हें आधींपासोन पुष्कळांस ठाऊक होतें आणि एकही बोलिला नाहीं, लिहिणाराही त्यांतलाच एक, म्हणोन त्याचें नांव येथें लिहिलें नाहीं, तें लिहिण्याजोगें नाहीं.