चार माणसांमागे एक

यशवंत वाघचौरे ज्या राज्यात राहत होता तिथे कर माणसांत भरावा लागे, आणि दर होता तीन माणसांमागे एक.

त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. रस्ते व्हायचे, दिवे लागायचे, तर कुणीतरी काहीतरी द्यायलाच हवं. मार्चअखेरीला घराघरात चिठ्ठी निघे. ज्याच्या नावाची निघेल तो आंघोळ करून, दही-साखर खाऊन कचेरीत जाई आणि मागे राहिलेल्यांना शिक्क्याची पावती मिळे. त्या माणसाचं पुढे काय होतं हे विचारायची पद्धत नव्हती. आदल्या वर्षी वाघचौऱ्यांकडून यशवंताची थोरली बहीण, अक्का, गेली होती. तिची पावती देवांच्या तसबिरीमागे खोचून ठेवलेली होती, आणि तसबीर पुसताना यशवंत तेवढा कोपरा सोडून पुसत असे.

आता घरात उरले तिघं. यशवंत, त्याची बायको सुलभा आणि नववीतली केतकी. तिघं म्हणजे पुन्हा एक. दिवाळीपासूनच यशवंताची झोप उडाली होती. चिठ्ठी कुणाची निघेल याचा विचार करायचा नाही असं तो ठरवी आणि तोच विचार करी. केतकी शाळेला निघाली की ती कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीत उभा राही.

शेजारच्या राज्यात दर कमी होता, चार माणसांमागे एक. म्हणजे तिघांच्या घराला कर माफ! हे त्याला कळलं त्या दिवशी तो कापडाच्या दुकानात गज हातात धरून तसाच उभा राहिला आणि गिऱ्हाइकाला दीड मीटरच्या जागी दोन मीटर कापून दिलं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी त्याने गठ्ठ्यावरचा खाकी कागद पसरला, मधोमध रेघ मारली आणि दोन्हीकडच्या राहणीमानाची तुलना मांडली. इकडे भाडं साडेचार हजार, तिकडे नऊ. इकडे दूध छप्पन्न रुपये, तिकडे चौऱ्याऐंशी. इकडे पाणी नळाला, तिकडे टँकरचं, तेही विकत. शाळा, बस, गॅस, सगळंच तिकडे महाग. शेवटच्या ओळीत त्याने लिहिलं: माणूस. इकडे एक, तिकडे शून्य. सुलभेने कागद वाचला आणि म्हणाली, दूध कमी घेऊ, त्यात काय एवढं.

जानेवारीत सामान टेंपोत गेलं. निघायच्या दिवशी सकाळी तिघं उंबऱ्याशी आली आणि यशवंत थबकला. तीन तिघाडा, काम बिघाडा. तिघांनी कधी निघू नये. निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यावा, हे त्याच्या आईचं सांगणं. एरवी तो असल्या गोष्टींना हसायचा. पण भ्यालेला माणूस कशाला हसतो? त्याने अंगणातून लिंबाएवढा एक काळा खडा उचलला, रुमालात बांधला आणि दोघींना बजावलं, कुणी किती जण म्हणून विचारलं तर चौघं सांगायचं. तिघं सांगितलं तर खड्याचा उपयोग काय?

सीमेवरच्या नाक्यावर कारकुनाने विचारलं, किती जण. यशवंत म्हणाला, "चौघं."

तोंडातून शब्द गेला आणि त्याला आठवलं, इथे चौघांमागे एक द्यावा लागतो. कारकुनाने मान वर करून तीन डोकी मोजली. मग यशवंताने मुकाट्याने रुमाल सोडला. कारकुनाने खडा हातात घेऊन वजन पाहिलं, आमच्याकडे अशी बरीच येतात म्हणाला, आणि चौथ्या ओळीत लिहिलं: खडा यशवंत वाघचौरे. यशवंताने हात जोडले, चूक झाली म्हणाला, तिघंच लिहा म्हणाला. कारकुनाला वाईट वाटलेलं दिसलं. पण तिकडच्या नियमाप्रमाणे नोंद वाढवता येई. कमी करायची तर ती करातच कमी व्हायची.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बसमध्ये केतकी रडायला लागली, तर सुलभेने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली की माणसाच्या हातून चुकतं.

नव्या गावी यशवंत पुन्हा कापडाच्या दुकानात लागला, आणि दुसऱ्याच आठवड्यात मोजणी अधिकारी आले. हर्डीकर त्यांचं नाव. गृहस्थ अगदी सभ्य, चपला बाहेर काढणारे. त्यांनी नियम समजावून सांगितला. या राज्यात चिठ्ठी नाही, कारण चिठ्ठीत अन्याय होतो. इथे वर्षअखेरीला घरातल्या ज्या माणसावर सगळ्यात कमी खर्च झाला असेल तो करात जातो. ज्याच्यावर खर्च नाही तो इथे राहतो असं तरी कसं म्हणावं? नव्या घराचं वर्ष येत्या एप्रिलपासून धरतात.

यशवंताच्या छातीवरचा धोंडा उतरला. खड्याला काय खर्च? खडाच जाणार. तो इतका हसला की हर्डीकरांनी पाणी मागवलं. मग म्हणाले, अजिबातच खर्च नसेल तर मात्र ती खोटी नोंद धरतात, आणि खोट्या नोंदीला दोन माणसं द्यावी लागतात. यशवंताने विचारलं, निदान किती हवा? ते म्हणाले, दिसेल इतका.

तेव्हापासून घरात खड्यावर दिसेल इतका खर्च सुरू झाला. त्याला थंडीची टोपी घेतली. आठवड्याला अर्धा कप दूध, पावतीसह. महिन्यातून एकदा न्हाव्याकडे नेत. न्हावी टॉवेलने पुसून देई आणि निम्मे पैसे घेई. जेवताना खड्याचं पान मांडत, चमचाभर भात वाढत. दूध निवलं की त्याचं पुढे काय होतं हे यशवंताने पाहिलं नाही. सुलभा अन्न टाकणारी बाई नव्हती.

त्याची सगळी धास्ती केतकीची होती. पोरीचा खर्च चुकून खड्याच्या खाली जाऊ नये. म्हणून त्याने तिला शिकवणी लावली, बूट घेतले, चष्म्याची गरज नसताना डोळे तपासून आणले. दर रविवारी खाकी कागदावर तो खड्याचा आणि केतकीचा आकडा शेजारी शेजारी मांडायचा. स्वतःचाही मांडायचा, त्याचा डबा, बसचा पास, रक्तदाबाच्या गोळ्या. सुलभेचा त्याने मांडला नाही. तिचं काय मांडायचं? घरातला रुपयान् रुपया तिच्या हातून खर्च होत होता, तेव्हा तिचा आकडा सगळ्यात मोठा असणार हे उघडच होतं.

सकाळी चहा झाला की सुलभा पातेल्यात उरलेला घोट उभ्याउभ्याच पिऊन टाकी. कधी यशवंत म्हणे, अगं, कप घे की.

"असू द्या हो," ती म्हणे, "उरलाच होता."

पुढच्या वर्षी एक एप्रिलला हर्डीकर आले. बरोबर शिपाई होता, त्याच्या काखेत वही. यशवंत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. खड्याला त्याने धुऊन, टोपी घालून पाटावर ठेवलं होतं. पावत्यांची पिशवी शिपायाने ओतली, तासभर लावली. हर्डीकरांनी आकडे वाचले. यशवंत, एकोणपन्नास हजार दोनशे. केतकी, बासष्ट हजार. खडा, एक हजार एकशे चौसष्ट. सुलभा, एक हजार ब्याण्णव.

यशवंताला वाटलं, एखादं शून्य राहिलं असेल. त्याने तसं सांगितलं. हर्डीकरांनी वही त्याच्याकडे फिरवली.

जेवणाचा खर्च पानांवर धरतात. पान तिघांचं मांडलं जाई: यशवंताचं, केतकीचं आणि खड्याचं. सुलभा मागून जेवायची, पातेल्यात असेल ते, पातेल्यातूनच. पातेलं म्हणजे पान नव्हे. साड्या भाऊबिजेला तिचा भाऊ धाडायचा. तो खर्च दुसऱ्या राज्याचा. पोलकी दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांची, तुकड्याला बिल नाही. खोकला झाला तेव्हा केतकीच्या बाटलीतलं औषध घेतलं, ते केतकीच्या नावावर.

"बहात्तर रुपये कमी पडतात," हर्डीकर म्हणाले. "आठवून पाहा. घाई नाही."

यशवंत आठवायला लागला. बायकोसाठी आपण वर्षभरात काय आणलं? गजरा आणला होता, एकदा, दहा रुपयांचा. सुलभा हळूच म्हणाली, तो देवाला वाहिला. चपला! चपला आणल्या होत्या, एकशे ऐंशीच्या. त्या तिने परत करून केतकीला कंपास घेतला होता. दूध, तो म्हणाला, खड्याचं दूध हीच प्यायची. हर्डीकरांनी मान हलवली. ज्याच्या नावाचं बिल, त्याचं दूध. तो उठला, पैशाचं पाकीट घेतलं, कोपऱ्यावरून साडीच आणतो म्हणाला, आणि दारात त्याला आठवलं की वर्ष काल संध्याकाळी पाच वाजता संपलं.

"मला न्या," तो म्हणाला.

"तुमच्यावर पन्नास हजार खर्च झालाय. तुम्ही इथले पक्के रहिवासी आहात. तुम्हाला कसं नेता येईल?"

केतकीने आईला मिठी मारली ती सोडेचना. यशवंताला रडू आवरेना, आणि त्या रडण्यात लाज जास्त होती. नऊ हजार भाडं त्याला पाठ होतं. दुधाचा भाव पाठ होता. बायको काय खाते ते त्याला ठाऊक नव्हतं.

सुलभेने गॅस बंद आहे ना ते पाहिलं. केतकीची वेणी विस्कटली होती ती पुन्हा घातली. दही-साखर घरात होती, पण ती तिने स्वतःला घेतली नाही आणि इतर कुणालाही ती तिला द्यायचं सुचलं नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना मात्र ती थांबली. एक हर्डीकर, एक शिपाई आणि एक ती.

"तिघांनी निघू नये," ती म्हणाली. तिने वाकून अंगणातला एक खडा उचलला आणि शिपायाच्या हातात दिला. शिपायाने तो खिशात टाकला आणि त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. मग तिने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे आणि मुलीकडे पाहिलं, आत पाटावरच्या खड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वाकली. नको, असं यशवंताला ओरडायचं होतं. दुसरा खडा तिने त्याच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली.

"घरातही तिघांनी राहू नये. येते हं."

हर्डीकरांनी वही उघडली. शेवटची औपचारिकता म्हणाले. आता घरात किती?

तिघं म्हटलं असतं तर कर माफ होता. ते यशवंताला ठाऊक होतं, केतकीला ठाऊक होतं, आणि हर्डीकरही बहुधा चांगुलपणाने थांबून राहिले होते. पण सुलभा फाटकाशी वळून बघत होती, आणि तिने दिलेला खडा त्याच्या मुठीत गरम झाला होता.

"चौघं," यशवंत म्हणाला.

"नाव?"

"सुलभा यशवंत वाघचौरे."

हर्डीकरांनी पाहिलं, ते नाव आता मोकळंच होतं. त्यांनी लिहून घेतलं आणि पावती फाडून दिली.

त्या वर्षी यशवंताने सुलभेवर खर्च केला तितका आजवर कुणावर केला नव्हता. रोज गजरा आणला. साडी आणली, पावती नीट जपली. एकशे ऐंशीच्याच चपला पुन्हा आणल्या. जेवायला बसताना पहिलं पान तिचं मांडलं जाई आणि ती जेवल्याशिवाय तो घास घेत नसे. आता घरात दोन खडे होते आणि यंदा जायचा तो थोरलाच जायचा, म्हणून त्याचं दूध बंद केलं, न्हावी बंद केला. महिन्याचा एक रुपयाचा खडीसाखरेचा खडा तेवढा त्याच्यापुढे ठेवत, दिसेल इतका. एवढी काळजी घेतल्यावर भीती कशाची? हातात पैसा उरत नव्हता एवढंच. केतकीची शिकवणी सुटली, ती म्हणाली, मला घरीच समजतं. बूट लहान झाले, ती म्हणाली, चालतील. स्वयंपाक तीच करायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी चहा पिऊन यशवंताने खाकी कागद उलगडला. सुलभेचा आकडा सगळ्यात वर होता. तो पाहून त्याला समाधान वाटलं आणि तो पुढचे रकाने भरायला लागला. थोरल्या खड्याचा भरला. केतकीचा भरायला घेतला आणि पावत्या शोधू लागला. जून, जुलै, ऑगस्ट. एकाही महिन्याची नव्हती. त्याने पिशवी उलटी करून झटकली. मग मान वर केली.

ओट्याशी पाठ करून केतकी उभी होती आणि पातेलं तोंडाला लावून उरलेला चहा पीत होती.

"केतकी," तो म्हणाला. "कप घे गं, बाळा."

तिने पातेलं खाली ठेवलं, पदर नव्हता म्हणून ओढणीने तोंड पुसलं.

"असू द्या हो, बाबा," ती म्हणाली. "उरलाच होता."