डॉलरसाठी तीन कोटेशनं

अंबरनाथ पूर्वेच्या शशिकांत कर्णिकांनी उभ्या आयुष्यात तीन कोटेशनं मागवल्याशिवाय काहीही विकत घेतलं नव्हतं. कारखान्याच्या खरेदी विभागात जन्म गेलेला. खोड हाडीमाशी खिळलेली. निवृत्तीनंतर कोथिंबिरीची जुडीसुद्धा ते तीन ठिकाणी भाव काढून, सर्वांत स्वस्तवाल्याकडून आणत. ती बहुधा पिवळी असे. पण रीतसर आणलेली असल्यामुळे पत्नी कुमुदिनीबाईंना तक्रारीला जागा नसे.

दोन हजार आठच्या गणपतीच्या सुमारास डॉलर-रुपयाचे सौदे साध्या माणसालाही बाजारात करता येऊ लागले, आणि शशिकांतरावांनी आपण स्विंग ट्रेडर होणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे डॉलर आज घ्यायचा, काही आठवडे धीर धरायचा आणि चढला की विकायचा. धीर धरण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. हेतूही शुद्ध होता. मुलगी राजसी हिला अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. फी डॉलरमध्ये, दिवाळीनंतर भरायची. तेवढे पैसे बाजूला काढलेले होते, पण अगदी काठोकाठ.

"डॉलर चढणार, लिहून ठेव," ते राजसीला म्हणाले. "चढला की तुझी फी महागणार. पण आपण आधीच सौदा करून ठेवला, तर होणारा फायदा फीत वळता करता येईल."

यातलं अक्षरन् अक्षर बरोबर होतं. आता फक्त सौदे करायला एक प्लॅटफॉर्म निवडायचा राहिला होता.

हे काम एकट्याने उरकणं नियमात बसेना. म्हणून घरगुती खरेदी समिती स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः, सदस्य कुमुदिनीबाई आणि बाहेरचे सदस्य म्हणून शेजारचे भीमराव, प्रॉव्हिडंट फंडाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. भीमरावांना फॉरेक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. निःपक्षपातीपणासाठी तीच पात्रता पुरेशी मानण्यात आली.

तीन दलालांचे प्रस्ताव आले. बदलापूरच्या दलालाने रंगीत आलेखांची सीडी पाठवली. अंबरनाथच्याच एकाचा प्लॅटफॉर्म इंटरनेटवर होता. उल्हासनगरच्या परसराम शेठकडे यातलं काहीच नव्हतं.

"साईं, आपला प्लॅटफॉर्म ये फोन," टेबलावरचा काळा फोन थोपटत शेठ म्हणाले. "तुम्ही बोलायचं, लेना है. मी बोलणार, हो गया. बात खतम!"

तांत्रिक चाचणी भारनियमनाच्या वेळेत ठेवली, कारण शहरात वीज असणं ही अपवादात्मक परिस्थिती समजली जाई. सीडी बंद पडली. इंटरनेट बंद पडलं. फोन मात्र खणखणीत चालला. तेव्हा भीमरावांनी चष्मा पुसत शंका काढली, "पण कर्णिकसाहेब, याला स्क्रीन कुठाय? उद्या कुणी विचारलं प्लॅटफॉर्म दाखवा, तर दाखवणार काय?"

शंका रास्त होती. परसराम शेठ अपात्र ठरले.

उरले स्क्रीनवाले दोन, आणि दोन कोटेशनांवर खरेदी म्हणजे अनियमितता. दसऱ्याची मुदत घालून नव्याने प्रस्ताव मागवले गेले. डॉलरला मात्र या मुदतीची कल्पना कुणी दिली नव्हती.

"अहो, डॉलर वाढतोय म्हणे," कुमुदिनीबाई पेपर पुढे करत म्हणाल्या.

"वाढणारच! मी काय सांगत होतो?" शशिकांतरावांची छाती फुगली. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा घेतला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिसरा बंद लिफाफा आला. समितीसमोर तो फोडण्यात आला. आत एकच ओळ होती: 'प्लॅटफॉर्म नको, उद्याच बँकेत जाऊन फी भरून टाका. दलाली शून्य. – राजसी.'

"बरोबरच लिहिलंय पोरीने," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"आणि दरही सर्वांत कमी," भीमराव चाचरत म्हणाले.

शशिकांतरावांनी लिफाफा उलटसुलट करून पाहिला. सर्वांत कमी दराचा प्रस्ताव डावलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. क्षणभर तर ते बँकेत जातील असंच वाटलं. पण नियम धावून आला.

"निविदा भरणारी व्यक्ती अध्यक्षांची सख्खी मुलगी आहे," ते गहिवरून म्हणाले. "नातेवाइकाला कंत्राट दिल्याचा ठपका मी नोकरीभर लागू दिला नाही. आता म्हातारपणी लावून घेऊ?"

"बाबा, फी माझी आहे!"

"म्हणूनच तर. तुझे हितसंबंध उघड दिसतायत."

समिती तिसऱ्या कोटेशनाची वाट पाहत असतानाच, दिवाळीच्या तोंडावर डॉलर पन्नास रुपयांना टेकला. शशिकांतरावांनी टाळी वाजवली आणि घरभर पाहिलं. बाजूला काढलेले पैसे जागच्या जागी होते. फक्त त्यांत आता फी बसत नव्हती. कमी पडलेल्या रकमेसाठी कर्ज काढायचं ठरलं आणि तीन बँकांकडून व्याजाचे दर मागवण्यात आले. तिसऱ्या बँकेचं उत्तर येईपर्यंत प्रवेशाची मुदत उलटून गेली.

"अंदाज अगदी बरोबर होता तुमचा, बाबा," राजसी म्हणाली. ती चिडून बोलली असती, तर कुमुदिनीबाईंना बरं वाटलं असतं. पोरीने पासपोर्ट कपाटात ठेवला आणि ती बदलापूरच्या एका क्लासात गणित शिकवायला लागली.

त्या वर्षीच्या मंदीत गावातले झाडून सगळे ट्रेडर बुडाले. न बुडालेला अनुभवी माणूस एकच उरला. आता चिखलोली-पालेगावापासून नवशिके शशिकांतरावांकडे सल्ल्याला येतात. दार राजसी उघडते, पाणी देते. शशिकांतराव पहिला प्रश्न विचारतात, "तीन कोटेशनं आणलीत?"

तुम्हीही या. घरातल्या कुणाची तरी एखादी गोष्ट 'जरा चौकशी करून ठरवू' म्हणून तुमच्याकडेही पडून असेलच. ज्याची आहे त्याने हल्ली विचारायचं सोडलं असेल, तर उत्तमच. सावकाश या.