दहापैकी दोन

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात दर शनिवारी दुपारी चार ते सात या वेळेत चौदा तरुण मुलंमुली कोणत्याही योजनेविना अभिनय शिकत होती, ही गंभीर बाब तीन वर्षं कोणाच्याही लक्षात आली नव्हती. ती लक्षात आणून दिली खुद्द त्यांच्या बाईंनी. रंगमंचावरचा एक दिवा गेला आहे, तो बदलून मिळावा, असा दोन ओळींचा अर्ज त्यांनी कलाविकास खात्याकडे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

बाई काही नटी नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी नाटकमंडळीत प्रॉम्प्टिंग केलं होतं. म्हणजे विंगेत अंधारात वही घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्यापुरता सांगायचा. कितीतरी राजे आणि प्रेमवीर बाईंनी पुरवलेल्या शब्दांवर टाळ्या घेऊन गेले, पण पडदा वर असताना बाईंना कोणी पाहिलं नाही. निवृत्तीनंतर घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी मुलं गोळा केली.

त्यांतली एक पुटपुट. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा नाव विचारलं तरी आपल्या चपलांकडे बघत काहीतरी पुटपुटायची, म्हणून मुलांनीच हे नाव ठेवलं. आता ती बोलायला लागली की शेवटच्या रांगेतला माणूस खोकायचं विसरे. बसवत आणलेल्या नाटकात ती आंधळ्या घड्याळजीची मुलगी होती आणि शेवटी तिला दीड पानांचं भाषण होतं. बाई तीस वर्षांत विंगेत कधी रडल्या नव्हत्या, कारण डोळे भरले की वहीतलं दिसत नाही. या भाषणाच्या तालमीत मात्र रडल्या.

पुटपुटला नाट्यविद्यालयात जायचं होतं. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. त्यांच्या धंद्यात गोष्ट वर तरी जाते किंवा जात नाही, मधलं काही नसतं. ते बाईंना म्हणाले, "तालमीबिलमी मला दाखवू नका. प्रयोग एकदा बघेन. त्यात दम दिसला तर जाऊ दे तिला विद्यालयात, मी आडवा येणार नाही. नाही दिसला तर एक तारखेपासून आत्याच्या लाँड्रीत काउंटरवर बसेल. आत्या कधीची मागे लागलीय." प्रयोगाची तारीख अठ्ठावीस ठरली होती.

अर्जानंतर आठव्या दिवशी विकास अधिकारी स्वतः आले. दिव्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"दिवा विद्युत विभागाकडे येतो," ते म्हणाले. "आमच्याकडे तरुण येतात. तुमच्या अर्जावरून असं दिसतं की इथं तरुण आहेत."

"आहेत," बाईंनी कबूल केलं.

"आणि ते सादरीकरण करतात."

"नाटक करतात."

"तेच ते. मग तुम्ही योजनेबाहेर कशा?"

योजनेचं नाव होतं 'युवा सादरीकरण कौशल्य विकास व आदानप्रदान योजना'. अधिकाऱ्यांनी ते एका दमात म्हणून दाखवलं, आणि बाईंना मनातल्या मनात कौतुक वाटलं; श्वास कुठे घ्यायचा ते त्यांना बरोबर माहीत होतं. या महिन्यापासून सभागृह फक्त योजनेतल्या केंद्रांनाच मिळणार होतं. योजनेत यायचं तर एक साधी गोष्ट करायची होती. प्रत्येक मुलाच्या अभिनयाला आजमितीस दहापैकी किती गुण, ते तक्त्यात भरायचं.

बाईंनी प्रामाणिकपणे भरलं. पुटपुटला आठ दिले. नऊच द्यायचे होते, पण डोक्यात हवा जायला नको.

तक्ता पाहून अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, आठ? सुरुवातीलाच आठ? मग विकास आम्ही कुठून दाखवायचा? वरती फक्त दोन शिल्लक राहतात! जिथं विकासाला वाव नाही, तिथं आम्ही विकास करत नाही."

"पण तिला येतं हो."

"येऊ दे की! आम्ही कुठे नाही म्हणतो? येतं ते शेवटच्या तक्त्यात येऊ दे. सुरुवातीला सगळ्यांना दोन टाका. म्हणजे प्रयोगानंतर आठ, आणि विकास सहा गुणांचा. मुलांचंही नाव, माझंही काम."

बाईंनी दोन टाकले. सही करताना त्यांना लाज वाटली, पण सभागृह हातचं जाण्यापुढे एक आकडा तो काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आपण सगळे घालतो तशीच.

पण खात्याचं कामकाज चोख होतं. दोन म्हटलं की दोन आहेत का, हे तपासायला त्रिसदस्यीय समिती येणार असं पत्र आलं. समितीत अधिकारी, त्यांच्या वरच्या उपसंचालिका आणि तीन हा आकडा पुरा करण्यासाठी घेतलेला कारकून. त्यांच्यासमोर मुलांना अभिनय येता कामा नये.

"म्हणजे आम्ही वाईट करून दाखवायचं?" घड्याळजी झालेल्या मुलाने विचारलं.

"एकदाच," बाई म्हणाल्या. "आणि नीट वाईट करा. उगाच वेडेवाकडे चाळे नकोत. न येणारा माणूस आपल्याला येतंय असं समजून करत असतो, हे लक्षात ठेवा."

दोन शनिवार त्याच्या तालमी झाल्या. न येणं भलतंच अवघड निघालं. पण पुटपुटने त्यात जीव ओतला. तीन वर्षांपूर्वीची स्वतःची मान तिने परत आणली, चपलांवरची नजर आणली, शब्द दातांमागे अडवून ठेवणं आणलं. समितीपुढे तिने दीड पानांचं भाषण असं काही पुटपुटलं की कारकुनाने तोंड फिरवलं आणि उपसंचालिकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "किती हो मागे राहिलंय हे मूल," त्या गहिवरून म्हणाल्या. "कोणी लक्षच दिलं नाही हिच्याकडे."

बाई मागे उभ्या होत्या. इतकं उत्तम काम त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्याला टाळी वाजवायची सोय नव्हती.

चार दिवसांनी निकाल आला. केंद्राला 'स्तर शून्य' देण्यात आला होता. स्तर शून्यच्या युवकांना देखरेखीखाली रंगमंचावर येण्याची, उभं राहण्याची व परत जाण्याची मुभा होती. बोलणं स्तर एकपासून. स्तर एकचं प्रशिक्षण अठरा महिन्यांचं.

बाई तडक कार्यालयात गेल्या. "साहेब, अठ्ठाविसाला प्रयोग आहे! त्या पोरीचे बाबा येणार आहेत. अहो, ती काही येत नसल्याचा अभिनय करत होती!"

अधिकाऱ्यांनी आधी उठून दार लावलं. "बाई, हे माझ्याजवळ बोललात, दुसरीकडे बोलू नका. समितीची दिशाभूल केली असं होईल ते."

"पण दोन टाका असं तुम्हीच म्हणालात ना?"

"मी आकडा सुचवला. अभिनय तुम्ही केलात." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि अभिनय येत नसल्याचा अभिनय येतो, हे मी कुठल्या रकान्यात लिहू, सांगा बरं? रकानाच नाही."

"मग प्रयोग रद्द?"

"छे! रद्द कसा? आदानप्रदान याच तिमाहीत व्हायला हवं, फलकसुद्धा तयार आहे. प्रयोग होणार. फक्त प्रमाणित व्यक्ती करतील आणि युवक ते पाहून शिकतील. याला मार्गदर्शक प्रयोग म्हणतात."

प्रमाणित व्यक्ती तीनच होत्या. तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेतलेले अधिकारी, उपसंचालिका आणि कारकून. घड्याळजी कारकुनाला मिळाला. उपसंचालिकांनी घड्याळजीच्या बायकोचं काम घेतलं, आणि ती पहिल्या प्रवेशाआधीच वारलेली असल्यामुळे तिच्यासाठी एक नवा प्रवेश लिहून घेतला. मुलीचं काम अधिकाऱ्यांनी स्वतःकडे ठेवलं. "जबाबदारीचं आहे," ते म्हणाले.

पुटपुटने हे ऐकलं. मग म्हणाली, "बाई, बाबांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. येऊ दे त्यांना." बाईंनी तिला बाजूला घेतलं. "हे बघ, त्या माणसाला दीड पान पाठ होणं शक्य नाही. तो अडणार. अडला की तू उठायचं आणि जागेवरूनच बोलायला लागायचं. एकदा तुझा आवाज निघाला ना, की कुठला नियम तुला खाली बसवतो ते मी बघते."

अठ्ठावीस तारखेला सभागृह भरलं. डॉक्टर आले, शिक्षक आले, दुकानदार सहकुटुंब आले. चौदा मुलंमुली तिसऱ्या रांगेत मांडीवर निरीक्षणवह्या घेऊन बसली. पुटपुटचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. बाईंना सामान सांभाळायला विंगेत उभं केलं होतं, आणि तोंड शिवल्यासारखं बंद ठेवायचं हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

प्रयोग ठीकठाक वाईट झाला. वारलेली आई वीस मिनिटं बोलली. आंधळा घड्याळजी मधूनच हातातल्या घड्याळात किती वाजले ते बघत होता. शेवटी परकर-पोलक्यातले अधिकारी पुढे आले, त्यांनी पोटावर हात ठेवला आणि भाषण सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला ते अडले.

अधिकाऱ्यांच्या कपाळावर घाम फुटला. तिसऱ्या रांगेत पुटपुटने वही मिटली. तिने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, मान वर केली आणि ती अर्धी उठली. तिच्या बाबांनी ते पाहिलं. ते दारापासून एक पाऊल पुढे आले.

आणि बाईंच्या तोंडून पुढचा शब्द गेला.

त्यांनी सांगितला नाही, तो गेला. समोर नट अडलाय आणि आपण विंगेत आहोत, यापलीकडे तीस वर्षांच्या जिभेला काही कळत नव्हतं. अधिकाऱ्यांनी शब्द झेलला. बाईंनी तोंडावर हात दाबला, पण ते पुन्हा अडले आणि हाताआडून पुन्हा शब्द गेला, अगदी अचूक, त्यांच्यापुरता. असं दीड पान झालं. पुटपुट हळूच खाली बसली.

मग टाळ्या. पहिली रांग खात्याची होती, ती उभी राहिली. मग दुसरी, मग सगळे. पुटपुटचे बाबा गर्दीतून वाट काढत तिसऱ्या रांगेपाशी आले.

"यात तुझं काम कुठलं होतं गं?"

"मी बसले होते ना इथं," ती म्हणाली. "ते."

बाबांनी मान हलवली. ते चिडले नाहीत, आणि तेच बाईंना सहन झालं नाही. त्या विंगेतून धावत आल्या, "अहो, तिला येतं हो! सगळ्यांत तिलाच येतं!" असं ओरडल्या, पण टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही. पुढे अहवालात प्रयोग अत्यंत यशस्वी झाल्याचं आणि युवकांनी शिस्तबद्ध निरीक्षण केल्याचं नमूद झालं. पुटपुटला दोनाचे तीन मिळाले.

आता बाकीचं तुम्हाला सांगायला नको. तुम्ही होतातच तिथं. पुढचे उभे राहिले म्हणून तुम्हीही उभे राहिलात, आणि जिना उतरताना शेजाऱ्याला म्हणालात की मोठी माणसं एवढी मेहनत घेतात, पण हल्लीच्या पोरांना कशाची हौसच नाही, नुसती बसून होती.

लाँड्रीत तुम्ही दर शनिवारी जाता. काउंटरवरची मुलगी तुमचे कपडे मोजून सांगते, "चार शर्ट, दोन पँट, मंगळवारी संध्याकाळी मिळतील," आणि ते रस्त्यापलीकडेही स्वच्छ ऐकू जातं. परवा तुम्ही न राहवून म्हणालात, "काय सुरेख बोलतेस गं पोरी! नाटकाबिटकात का नाही जात?" तिने तुमच्याकडे पाहिलं. ती काहीतरी सांगणार होती, पण तेवढ्यात तुम्ही शर्टाच्या कॉलरवरचा डाग निघालाय की नाही ते बघायला लागलात.