ग्राहकाला जाणवणारा कंप

कंप ही भौतिक घटना असली, तरी तो आहे की नाही हे तो कुणाला जाणवला यावर ठरतं, याबद्दल जाणकारांत फारसं दुमत नाही. तापाला थर्मामीटर लागतो, भूकंपाला त्याचं यंत्र लागतं. गाडीच्या कंपाला घरातलं एक जबाबदार माणूस लागतं.

ठकीच्या आईला हे माहीत नव्हतं, कारण ती शिकलेली होती. तिला वाटायचं, स्टिअरिंग थरथरतंय म्हणजे स्टिअरिंग थरथरतंय.

घरापासून पाळणाघरापर्यंतचा रस्ता सगळा उताराचा. उताराच्या तळाशी सिग्नल, सिग्नलपाशी पांढरे पट्टे आणि पट्ट्यांवर सकाळी साडेआठला पाठीपेक्षा मोठी दप्तरं घेतलेली पोरं. नेमक्या याच जागी ब्रेक दाबला की कपडे धुण्याच्या मशीनने शेवटचा पिळा घ्यावा तशी गाडी हादरायची. मागच्या सीटवर ठकी, वय अकरा महिने. बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपायला तीन आठवडे उरलेले. पाळणाघरही उताराच्या खाली, ऑफिसही खाली आणि तिकडे जाणारी बस कागदोपत्री दर वीस मिनिटांनी.

ठकीची एक वही होती. पुढच्या पानांपासून दूध, झोप, शी आणि ताप यांच्या वेळा. आता आईने मागच्या पानांपासून ब्रेक लिहायला घेतले. "मंगळवार. साठच्या वेगात ब्रेक: जोरात कंप. चाळीसला: थोडा. ब्रेक न दाबता: अजिबात नाही. ठकी: झोपलेली." शिवाय ठकीचा खुळखुळा तिने इंडिकेटरच्या दांडीला बांधला. गाडी नुसती धावताना तो गप्प असे. ब्रेक दाबला की वाजे.

प्रथेप्रमाणे प्रकरण आधी घरच्या तज्ज्ञ समितीपुढे गेलं. समितीत ठकीचे बाबा, आजोबा आणि परगावी राहणारे मोठे काका (फोनवरून) असे तीन सदस्य होते. आजी कायम निमंत्रित होत्या, म्हणजे चहा त्या करायच्या.

"तू ब्रेक दाबतेस की त्याच्यावर उभी राहतेस?" बाबांनी मूलभूत प्रश्न विचारला.

"चपला बघ आधी तिच्या," आजोबा म्हणाले. "असल्या टाचेच्या चपला घालून गाडी चालवतात का कुणी?"

"मी बूट घालते, आजोबा."

"मग बूट काढून चालवून बघ."

मोठ्या काकांनी फोन गाडीजवळ न्यायला सांगितलं. नेला. गाडी बंद होती, पण काकांचा अनुभव दांडगा. त्यांनी दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि अलाइनमेंट असल्याचं निदान केलं.

"माझेपण हात थरथरायचे हो बाळंतपणानंतर," आजी कपबशा उचलता उचलता म्हणाल्या. समितीने हे विधान एकमताने इतिवृत्तात घेतलं. खुळखुळ्याबद्दल बाबांचं म्हणणं पडलं, की तो ठकी हलवत असेल. ठकी मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली असते आणि तिचा हात दोन वीत लांबीचा आहे, ही बाब अभ्यासासाठी पुढच्या बैठकीकडे सोपवण्यात आली.

(समितीतले किती सदस्य या काळात उतारावर गाडी घेऊन गेले: शून्य. बाबा ऑफिसच्या गाडीने जात.)

मग सर्व्हिस सेंटर. तिथली स्वच्छता पाहून माणसाला आपलीच तक्रार मळकट वाटू लागते. टाय लावलेल्या सल्लागाराने हातातल्या पाटीवर बोट फिरवलं. तक्रारींचे प्रकार चार होते: आवाज, वास, गळती, इतर. कंप 'इतर'मध्ये गेला. 'इतर'ची चाचणी म्हणजे सेंटरच्या आवारात दुसऱ्या गिअरमध्ये एक फेरी. कमाल वेग अठरा, कारण तसा तिथे फलकच होता. सल्लागार परत आला आणि हळुवारपणे म्हणाला, "मॅडम, गाडी लोण्यासारखी चालतेय."

"साठच्या वेगात ब्रेक दाबून बघा ना. हा बघा, मी खुळखुळासुद्धा..."

"मॅडम, खुळखुळा हे कंपनीमान्य उपकरण नाहीये."

तरीही ग्राहकाचं समाधान हे ब्रीद असल्यामुळे चारही चाकं काढली, पुसली आणि हवेच्या बंदुकीने परत लावली. प्रत्येक नट ट्रर्र करून अशा ताकदीने आवळला, की सुरक्षिततेबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये. गाडी धुतली. आत मोगऱ्याचा वास मारला. पावतीवर लिहिलं: "ग्राहकाला जाणवणारा कंप वाहनात आढळला नाही."

कंप वाढला.

ती पुन्हा गेली. पुन्हा चाकं, पुन्हा ट्रर्र, या खेपेला लिंबाचा वास. जोरात कंप आता पन्नासलाच येऊ लागला. तिसऱ्या खेपेला तो चाळीसलाच जोरात येत होता आणि सल्लागाराने फार अदबीने विचारलं, "घरातलं कुणी मोठं आलंय का बरोबर?"

तीन भेटींचा गोषवारा असा: एकेक चाक काढून लावलं, बारा वेळा. गाडी धुतली, तीन वेळा. साठच्या वेगात ब्रेक दाबून पाहिला, एकदाही नाही. समाधानाच्या फॉर्मवर तिने तिन्ही वेळा दहापैकी दहा दिले, कारण ठकी कडेवर रडत होती आणि फॉर्म भरल्याशिवाय किल्ली मिळत नव्हती.

रजा संपायला सहा दिवस उरले, तेव्हा समितीची अंतिम बैठक झाली. निर्णय मायेने ओथंबलेला होता.

"एवढी धास्ती वाटते ना तुला, मग कशाला चालवायची गाडी?" बाबा म्हणाले. "सहा महिने अजून घरीच थांब. बिनपगारी तर बिनपगारी. ठकीलाही बरं."

"आणि गाडी?"

"गाडीला काय झालंय?"

तिच्यापाशी वही होती. दुपारी ठकी झोपल्यावर तिने ती मागून पुढे वाचली. गाडीला काही नसेल, तर जे आहे ते आपल्यात आहे. आणि आपल्यात असेल, तर ठकीला घेऊन त्या पट्ट्यांपर्यंत जायचा आपल्याला हक्क नाही. एवढा सरळ हिशेब होता. चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं. कंप दर वेळी आठवडाभरात एक पायरी वाढला होता. दर वेळी सर्व्हिस सेंटरनंतर. म्हणजे तपासल्यामुळे.

कोपऱ्यावर टायरवाले काका बसत. त्यांची हवेची बंदूक दोन वर्षांपासून बंद होती, त्यामुळे तंत्रज्ञानात ते फार मागे पडले होते आणि नट हाताने आवळत. ती गाडी लावून उतरली आणि बचावाचं भाषण सुरू करणार, तोच काकांनी विचारलं,

"हलतं काय? स्टिअरिंग की सीट?"

दोन आठवड्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिचे डोळे भरून आले. काकांना वाटलं, टायरच्या धुराळ्याने. त्यांनी स्टूल पुढे केलं.

"स्टिअरिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर."

"मग पुढच्या ब्रेकच्या डिस्का. बस, पोरी."

चाक उतरवून त्यांनी डिस्कला घड्याळासारखं मापक लावलं आणि डिस्क हाताने फिरवली. काटा एका जागी स्वच्छ उडी मारत होता. "बसायच्या जागेला आधीच गंज, त्यात नट कुणी आवळलेत हे, राक्षसाने? एका बाजूने जास्त आवळले की डिस्क तिरकी बसते. मग तिरकी झिजते. मग हलते." शेजारच्या लेथवर दोन्ही डिस्का घासून सपाट झाल्या, बसायची जागा साफ झाली. काकांनी नट समोरासमोरचे, एक आड एक, मोजून ताकद लावणाऱ्या पान्याने आवळले. वर गाडीतलं माहितीपुस्तक काढून ताकदीचा आकडा तिला दाखवला. पुस्तक तोवर प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होतं.

दुसऱ्या दिवशी उतार. साठ. ब्रेक. खुळखुळा गप्प.

संध्याकाळी तिने बाबांना जबरदस्तीने चालवायला बसवलं. त्यांनी उतार उतरला, ब्रेक दाबला, दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून दाखवले आणि समाधानाने म्हणाले, "बघ! कुठे आहे तुझा कंप? मी पहिल्यापासून काय सांगत होतो?"

आजोबांनी तिच्या बुटांकडे पाहून मान डोलावली. मोठ्या काकांना फोन गेला. अलाइनमेंट आपोआप बरी झाल्याचं ऐकून त्यांना आनंद झाला. सर्व्हिस सेंटरच्या दप्तरीही "आढळला नाही" हा शेरा अखेर खरा ठरला.

ती सोमवारी कामावर गेली. वही आता पुढूनच लिहिली जाते.

राहता राहिले वाचक. कंप खरा आहे हे आपल्याला नेमकं कुठे पटलं, ते त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहावं. ज्यांना टायरवाल्या काकांच्या मापकाचा काटा उडाल्यावर पटलं, त्यांच्यासाठी समितीत चौथी खुर्ची रिकामी आहे. ठकीच्या आईने दुसऱ्याच परिच्छेदात सांगितलं होतं.