लाल पानांची बिस्किटं

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, रस्त्यावरची झाडं लाल-पिवळी होऊन गळायला लागली तेव्हा, कवळीबाईच्या संसाराला अजून वर्षही झालं नव्हतं. कवळीबाई हे काही तिचं नाव नव्हे. दातांच्या एका दवाखान्यात मागच्या खोलीत बसून ती लोकांच्या कवळ्या घडवायची, म्हणून घरातल्या थोरलीने तिच्या माघारी हे नाव ठेवलं होतं. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. त्यांची आई तापाच्या दुखण्यात गेली होती. वडिलांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा मुलांनी आरडाओरडा केला नाही, की रुसवेफुगवे केले नाहीत. नव्या बाईला काहीच म्हणून हाक मारायची नाही, एवढं फक्त आपापसांत ठरवून टाकलं. भूक लागली की थोरली भिंतीकडे बघून म्हणायची, "जेवायची वेळ झाली वाटतं." आणि भिंतीच्या वतीने कवळीबाई उठायची.

त्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने मुलांची आजी, म्हणजे गेलेल्या आईची आई, यायची होती. मुलांना थोडे दिवस हवापालटाला नेते, असा तिचा निरोप होता. त्याच निरोपात, शाळेचे दाखले काढून ठेवा, असंही होतं. हवापालटाला दाखला लागत नाही हे कवळीबाईला कळत होतं. तिच्या नवऱ्यालाही कळत होतं. पण तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसायचा आणि ऐकून घेणं हा त्याचा धंदा होता, तो हळूहळू स्वभाव झाला होता. सासूबाईंपुढे तर त्याची मान आपोआप हलायची.

कवळीबाईचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुलांनी तिला हाक मारली नव्हती, हे खरं. पण धाकटा रोज सकाळी बुटाची नाडी बांधून घ्यायला पाय तिच्याच पुढे करायचा. बोलायचा नाही, नुसता पाय पुढे करायचा. सोमवारपासून तो पाय पुढे येणार नाही, या विचाराने तिने आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे वरचे दात खालच्या साच्यावर बसवले होते.

"आजी यायची असली की आई पानांची बिस्किटं करायची," सकाळी थोरली भिंतीला म्हणाली. "ह्या दिवसांतच. पानं गळतात तेव्हा."

"मग करू या की," कवळीबाई म्हणाली.

थोरलीने प्रथमच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला येतात?"

"नाही येत. तू सांग, मी करते."

थोरली खुर्चीवर चढून बसली आणि मुकादमासारखी सांगू लागली. लोणी आधी फेसायचं, साखर मागून. पीठ चाळायचं, नुसतं ओतायचं नाही. पानाच्या आकाराचा पत्र्याचा साचा फडताळात खालच्या कप्प्यात होता, तोही तिनेच काढून दिला. कणीक लाटून झाल्यावर ती म्हणाली, "आता गाणं."

"कसलं गाणं?"

"आई इथे गाणं म्हणायची."

"ते बिस्किटांना लागतं का?"

"मला काय माहीत. पण म्हणायची."

कवळीबाईने गाणं म्हटलं. तिचा आवाज चांगला नव्हता. धाकट्याने थोडा वेळ कानांवर हात ठेवले, मग काढले. बिस्किटं भट्टीत गेली आणि गोड वास घरभर पसरला, तेव्हा तिघंही भट्टीच्या काचेपुढे बसून राहिले.

अडचण रंगांपाशी आली. भाजलेल्या पानांवर साखरेचा रंगीत लेप लावायचा होता: पिवळा, तांबूस आणि लाल. लाल रंगाची पुडी धाकट्याने "पाण्यात टाकल्यावर काय होतं ते बघायला" मोरीत ओतली होती. बघून झालं होतं. मोरी लाल झाली होती आणि पुडी संपली होती.

"लाल नसेल तर नकोच," थोरली म्हणाली. तिचा ओठ थरथरला, पण ती रडली नाही. न रडण्यात ती आजीवर गेली होती. "आई सगळ्यात जास्त लालच करायची."

दुकान दुपारचं बंद होतं. कवळीबाईने विचार केला आणि तिला आपल्या कामाच्या पिशवीतली लाल बाटली आठवली. दवाखान्यातल्या पुढच्या खोलीतून ती कधीतरी मागे आली होती, आणि कवळीबाई हिरड्यांच्या रंगाशी ताडून बघायला ती जवळ ठेवायची. तिच्यातला रंग पोटात गेला तरी हरकत नाही, हे तिने डॉक्टरांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, आणि ते खरंच होतं. पुढच्या खोलीत त्या बाटलीचं नक्की काय करतात, याचा तिने कधी विचार केला नव्हता. तिचा संबंध दातांशी यायचा, तोंडांशी नाही.

लेप असा लाल झाला, की खिडकीबाहेरच्या झाडाने मान खाली घालावी. थोरलीने एकेक पान स्वतः रंगवलं. धाकट्याने रंगवली त्याहून जास्त खाल्ली. दुपारी त्यांचे वडील घरी आले. "वा," एवढंच म्हणून त्यांनी दोन लाल पानं चहाबरोबर उभ्याउभ्या खाल्ली आणि ते सासूबाईंना आणायला स्टेशनवर गेले.

ते गेल्यावर धाकट्याने जांभई दिली, आणि कवळीबाईने हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं.

त्याचे सगळे दात लालभडक झाले होते. जीभ, ओठ, सगळं. थोरलीचे दात मधूनमधून लाल होते, विशेषतः मागच्या बाजूला. मग एकदम कवळीबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती बाटली दात नीट घासलेत की नाही ते बघण्यासाठी होती. जिथे मळ असेल तिथे रंग बसायचा, आणि बसला की हलायचा नाही.

"तू दात घासतोस ना रे रोज?" तिने धाकट्याला विचारलं.

"ब्रश ओला करतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तिने दोघांना मोरीवर नेऊन घासघास घासलं. रंग थोडा फिका झाला, इतकंच. आणि नवरा तर केव्हाच निघून गेला होता.

स्टेशनवर जावयाने सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि आदराने हसून विचारलं, "प्रवास बरा झाला ना?" सासूबाईंनी त्याचं तोंड पाहिलं आणि हातातली पिशवी सोडून दिली. रिकामटेकडं बोलणारी ती बाई नव्हती. तिने एकच विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

"लपवू नका. माझ्या थोरल्या दिरांना असंच झालं होतं. खोकला आहे का?"

जावई गोंधळला आणि गोंधळला की तो खोकायचा.

घरी पोचताना आजीने नाकातोंडावर रुमाल धरला होता. दारात नातवंडं धावत आली, तीही लाल तोंडाची. आजीने भिंतीला हात टेकला. कवळीबाईने पुढे होऊन सगळं सांगितलं: बाटली, लेप, दात, मळ. आजीने ऐकून घेतलं.

"रंग आहे म्हणे," ती जावयाला म्हणाली. "सगळ्या घराला रोग लागलाय आणि म्हणे रंग आहे. मी मुलांना उद्याची वाट बघून नेणार नाही. आजच्याच रात्रीच्या गाडीने नेते. जेवणं उरकून घ्या."

"आजी, तुम्ही एक खाऊन तर बघा. तुमचे दातही तसेच होतील, म्हणजे खात्री पटेल," कवळीबाई म्हणाली.

"ह्या घरात मी पाण्याशिवाय काही तोंडाला लावणार नाही, बाई."

ती पाणी प्यायला म्हणून एकटीच स्वयंपाकघरात गेली. तिथे जरा वेळ लागला. परत आली तेव्हाही रुमाल तोंडावरच होता, फक्त अधिक घट्ट.

जेवायला सगळे बसले. आजी ताटावर बसली नाही, बाजूच्या खुर्चीवर रुमाल धरून बसली. थोरलीने हळूच विचारलं, "आजी, आमच्या बाहुल्या पण न्यायच्या?" आजीने उत्तर दिलं नाही. धाकट्याने विचारलं, "तिकडे माझी नाडी कोण बांधणार?" आजीने त्याचंही उत्तर दिलं नाही. खोलीत अशी शांतता पसरली, की भिंतीवरच्या घड्याळालाही संकोच वाटावा.

त्या शांततेत, सबंध आयुष्यात पहिल्यांदाच, पाणीपुरवठ्याच्या साहेबांना बोलायला जागा मिळाली.

"आई," ते सासूबाईंना म्हणाले, "मी जरा बोलू का?"

सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. म्हणून ते बोलले. मुलं आपल्या घरात रुळली आहेत, असं म्हणाले. आईचं जाणं एकदा सोसलंय त्यांनी, आता घर आणि शाळाही सोडायला लावू नका, असं म्हणाले. आपली बायको कामाला जाते, तरी पहाटे उठून दोघांचे डबे भरते, धाकट्याला गोवर आला तेव्हा ती उशाशी बसून झोपायची, हेही त्यांनी सांगितलं. दर वाक्यानंतर ते सासूबाई बोलणं तोडतील म्हणून थांबायचे. सासूबाई नुसत्या रुमालावरून बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे तुम्हाला पटतंय तर," ते शेवटी चकित होऊन म्हणाले. "मग राहू द्या मुलांना."

सासूबाई उठून तडक मोरीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी घातली.

आतून घासल्याचा आवाज यायला लागला. बाहेरच्यांना वाटलं, आजी रडतेय. कवळीबाईला तो आवाज ओळखीचा होता. ती दाराशी गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आजी, सोड्याने नाही निघायचं ते. खरखरीत होईल फक्त. उघडा, मी करून देते."

आतलं घासणं थांबलं. मग कडी सरकली.

आजीच्या हातात कवळी होती, अगदी लाल. रिकाम्या तोंडाने ती एकदम खूप म्हातारी आणि खूप एकटी दिसत होती. घरात कुणालाच, लेकीलासुद्धा, तिने कधी कळू दिलं नव्हतं.

"वास आला," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या हातचा वास आला. एकच खाल्लं."

कवळीबाईने कवळी घेऊन दिव्याखाली फिरवली. आतल्या बाजूला बोट लावून पाहिलं. "ही लागते ना तुम्हाला? ह्या कडेला?"

"चावता येत नाही. सहा वर्षं झाली. कुठे जेवायला बसत नाही मी."

"आणि लोकांना वाटतं तुम्ही रागावलात."

"वाटू दे. कवळी आहे म्हणण्यापेक्षा ते बरं." मग ती थांबली. "बाहेर सांगणार आहेस?"

"माझं काम मागच्या खोलीत चालतं आजी. तिथलं पुढच्या खोलीत जात नाही. ही घासून नीट करायला मला चार दिवस द्या. नवी केली तर जास्त लागतील."

"नवीच कर," आजी म्हणाली. आणि दाराकडे बघून, "रात्रीची गाडी राहू दे म्हणावं."

आजी नव्या कवळीसाठी महिनाभर राहिली आणि एकटीच परत गेली. त्यानंतर दर वर्षी पानं गळायच्या दिवसांत ती यायची, ताटावर बसून जेवायची आणि कुणाचं ऐकून घ्यायची नाही. ब्याऐंशीव्या वर्षी, कडक टोस्ट मागून घेऊन, ती शांतपणे गेली. थोरली शाळेत मुख्याध्यापिका झाली. ती आता भिंतीशी नाही, सरळ मुलांकडे बघून बोलायची, आणि मुलं तिला घाबरत. धाकट्याने जहाजावर नोकरी धरली आणि तो कुठल्या कुठल्या बंदरांवरून कवळीबाईला रंगीत चित्रं पाठवत राहिला. कवळीबाई नजर गेली तेव्हा काम सोडून घरी बसली. बोटांनी मात्र तिला शेवटपर्यंत दिसत असे.

तिचा नवरा सगळ्यात सुखात म्हातारा झाला. त्या रात्रीपासून त्याची अशी ठाम समजूत झाली होती, की माणसाशी शांतपणे, मुद्देसूद बोललं तर कोणीही ऐकतं. कचेरीत तो तक्रारी नुसत्या ऐकायचं सोडून उत्तरं देऊ लागला. बढत्या मिळाल्या, एकदा तर संपही मिटवला. निवृत्तीच्या समारंभात त्याने सासूबाईंची ती हकिगत रंगवून सांगितली आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या कवळीबाईने सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली होती.