मधल्या पाण्याचं नाव

दोन देशांच्या मध्ये समुद्र असला, की त्यात माशांपेक्षा नावं जास्त सापडतात. पूर्वेकडचा देश त्याला पश्चिम समुद्र म्हणे, पश्चिमेकडचा पूर्व समुद्र. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

२०१४ साली हे भांडण परदेशातल्या, हार्बरफ्रंट भागातल्या एका कंपनीत, जहाजांसाठी नकाशे करणाऱ्या पद्मनाभ केळकरच्या टेबलावर आलं. दोन्ही देश कंपनीचे ग्राहक. पद्मनाभने तोड काढली: जहाज ज्या किनाऱ्याच्या जवळ, त्या देशाचं नाव पडद्यावर दिसेल. अगदी मधल्या पट्ट्यात जागा कोरी. दोन्ही सरकारांनी अभिनंदन केलं (एकमेकांना पत्ता लागू न देता). त्याच्या बायकोने, दमयंतीने, त्यांच्या सेम्बावांगच्या फ्लॅटवर श्रीखंड केलं.

मग त्याच कोऱ्या पट्ट्यात एका मालवाहू जहाजाचं इंजिन बंद पडलं. दुपारी त्या जहाजाच्या कॅप्टन प्रताप सुर्व्यांचा सॅटेलाइट फोन आला.

"केळकर, जहाजात पाणी शिरतंय. दोन्हीकडच्या बचाव केंद्रांना कळवलं. दोघंही विचारतात, कुठल्या समुद्रात आहात?"

"अक्षांश-रेखांश द्या ना, सर."

"दिले! म्हणतात, जागा कळली, पण समुद्र आमचाच ना? तुमच्या नकाशावर तर काहीच नाही हो!"

इतकी सुबक कोरी जागा पद्मनाभने आयुष्यात दुसरी केली नव्हती. तिथे कुठलं तरी एक नाव टाकू द्या, असं सांगायला तो धावत साहेबांकडे गेला.

"कॅनॉट, लाह," साहेब तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत शांतपणे म्हणाले. "वुई आर न्यूट्रल."

पद्मनाभ जागेवर परतला आणि नोकरीवर पाणी सोडून फोनमध्ये ओरडला, "सर, पूर्वेच्या केंद्राला पश्चिम समुद्र सांगा, पश्चिमेच्या केंद्राला पूर्व! दोन्ही खरंच आहे!"

दोन्ही देशांच्या बोटी तातडीने निघाल्या. आपापल्या समुद्रात.

रविवारी घरी जमलेल्या मंडळींना पद्मनाभने हे इथवर सांगितलं आणि तो थांबला.

"ते ठीक आहे रे," श्रीनिवास म्हणाला, "पण खरं नाव कुठलं?"

"पूर्व! उघड आहे," रवींद्र म्हणाला.

लगेच दोन तट पडले. पुऱ्या गार झाल्या. श्रीनिवास रवींद्रशी न बोलताच निघून गेला. पद्मनाभ तोंड उघडून बसला होता. त्याला पुढचं सांगायचं होतं, पण कुणी विचारेना.

खलाशी सगळे वाचले. तुम्हीही विचारलं नव्हतंत, म्हणून आपणहून सांगितलं. हं, चालू द्या तुमचं. तो समुद्र नेमका कोणता, हेच मघापासून शोधताय ना?